आई-बाबांची स्मरणशक्ती तपासून घ्यायची का? ठरवण्याआधी काय पाहायचं आणि कोणत्या क्रमाने

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत वर्ष-दीड वर्ष कुणीच काही करत नाही. नाहीतर कुणीतरी घाबरून थेट एमआरआय काढून आणतं, रिपोर्टात ‘वयानुसार बदल’ असं येतं आणि सगळे निर्धास्त होतात. आमच्या घरात दोन्ही झालं, याच क्रमाने.

बाबा रोज रात्री दुधाचा हिशेब वहीत लिहायचे. तारीख, लिटर, सही. ती वही मी पुष्कळ उशिरा उघडली. एका महिन्यात एकाच दिवसाचं दूध तीनदा लिहिलेलं, मध्ये सहा दिवस कोरे आणि खालच्या बेरजेवर इतकी खाडाखोड की कागद फाटलेला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस. आम्ही मात्र त्यांनी नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारली की तेवढ्यावरच चर्चा करत होतो.

स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी म्हणजे प्रशिक्षित माणसाने घेतलेली पाच ते पंधरा मिनिटांची प्रश्नोत्तरं आणि छोट्या कृती. ती निदान नाही. पुढे खोलात जायला हवं की नको, एवढंच ती सांगते. ज्यांच्यात काहीही बदल दिसत नाही अशा सगळ्याच ज्येष्ठांची सरसकट चाचणी करावी, याला आज पुरेसा पुरावा नाही. म्हणून बदल खरंच आहे का, हे आधी घरच्यांनी नीट पाहायचं. त्याचा क्रम पुढे दिला आहे.

१. आधी पाहा: हे आजच्या आज दवाखान्यात न्यायचं काम आहे का?

कालपर्यंत ठीक असलेलं माणूस आज असंबद्ध बोलतंय, दिवस-रात्रीचं भान नाही, सकाळी बरं तर संध्याकाळी ओळखत नाही, असं काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झालं असेल तर तो स्मृतिभ्रंश समजू नका. हा बहुधा चित्तभ्रम असतो आणि त्यामागे काहीतरी ताजं कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर उतरणं, नवं औषध, शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात ग्लुकोमीटर असेल तर निघण्याआधी साखर मोजा.

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळलेली असेल तर १०८ ला फोन करा, तोही लगेच.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. मागच्या एक-दोन महिन्यांत पडणं झालंय का? न्हाणीघरात पाय घसरला, डोक्याला टेंगूळ आलं, दोन दिवसांत बरं वाटलं आणि सगळे विसरले. डोक्याच्या आत सावकाश साठणारं रक्त कित्येकदा काही आठवड्यांनी गोंधळ, झोपाळूपणा, चालताना जाणारा तोल यांतून दिसतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त.

*इशारा:* दुखणं चालू असताना, रुग्णालयातून नुकतंच घरी आल्यावर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत स्मरणशक्तीची चाचणी करून घेऊ नका. आकडा खोटा येतो आणि कपाळावर शिक्का बसतो. प्रकृती सावरू द्या.

२. तुलना त्यांची त्यांच्याशीच करा

‘शेजारच्या काकांना ऐंशीव्या वर्षीही सगळं आठवतं’ ही तुलना निरुपयोगी आहे. प्रश्न एकच: पाच वर्षांपूर्वीचे आपले बाबा आणि आजचे बाबा यांत काय बदललं?

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, शब्द जिभेवर येऊन अडणं, लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव थोड्या वेळाने आठवणं, हे वयाबरोबर येतं. इथे आठवण उशिरा येते, पण येते. काळजीचं चित्र वेगळं असतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो आणि ‘कामवालीने ठेवला’ असा आरोप होतो. लग्नाला आपण गेलोच नव्हतो, असं ठामपणे सांगितलं जातं. एकच प्रश्न अर्ध्या तासात चारदा येतो आणि आधीच्या तीन वेळांची कुणकुणही नसते.

फक्त विसरण्यावर नजर ठेवू नका. काही जणांत स्मरणशक्ती बरी असते आणि आधी वागणं बदलतं: मर्यादेने वागणारी आई परक्यांसमोर तोंडाला येईल ते बोलते, काटकसरी बाबा फोनवरच्या अनोळखी माणसाला पैसे पाठवतात. काहींना नसलेली माणसं, लहान मुलं दिसतात. काही जण रोजच्या वळणावर रस्ता चुकतात. यांतलं काहीही नवीन दिसलं तरी ते तपासणीच्या खात्यात जमा.

३. तीन आठवडे वही ठेवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि नेमका हाच लोक गाळतात. साधी शंभर पानी वही घ्या, ती त्यांच्या नजरेला पडणार नाही अशी ठेवा. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, नेमकं काय घडलं, कोणी पाहिलं. ‘आई खूप विसरते’ ही नोंद नव्हे. ‘मंगळवार, सकाळी ११. कुकर लावला, आत पाणी नव्हतं. वास आल्यावरही कळलं नाही. मी गॅस बंद केला’ ही नोंद. त्या रात्री झोप कशी होती, त्या दिवशी उपवास होता का, हेही लिहा.

कुठे पाहायचं? ज्या कामात पाच-सहा पायऱ्या लागतात तिथे. अंघोळ, जेवण, कपडे ही रोजची कामं बहुधा उशिरा बिघडतात. आधी बिघडतात ती गुंतागुंतीची.

स्वयंपाकघरात: पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी राहून गेली, एवढ्याने काही होत नाही. पण जन्मभर अंदाजपंचे बरोबर मीठ घालणाऱ्या हाताचं मीठ आठवड्यातून तीनदा चुकतं, फोडणी जळते, अवघड पदार्थ करणंच बंद होऊन रोज खिचडी होते, तेव्हा लिहा. वाणसामानाच्या कपाटात साखरेच्या पाच पिशव्या आणि तूरडाळ एकही नाही, हेही लिहा.

पैशांत: एकच बिल दोनदा भरलेलं, एटीएमचा पिन वारंवार चुकलेला, पासबुकात कशाचे ते सांगता न येणारे खर्च. निवृत्तिवेतन असेल तर एक चांगली खूण आहे: गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्यांनी आपणहून दिला का? आणि त्याआधीच्या वर्षी?

औषधांत: पट्टीवरच्या गोळ्या मोजा. तीस दिवसांत किती संपायला हव्या होत्या, किती संपल्या? इथे भावनेला जागा नाही, आकडाच बोलतो.

आता सर्वांत मोठी चूक. घरी परीक्षा घेऊ नका. ‘आई, सांग बघू आज किती तारीख? पंतप्रधान कोण? शंभरातून सात गेले किती?’ असं चारचौघांत विचारणं अपमानाचं आहे आणि त्यातून काही कळतही नाही. जिचं वर्ष पंचांगावर चालतं तिला इंग्रजी तारीख आधीही ठाऊक नसायची. पण परवा संकष्टी आहे हे तिने कधी चुकवलं नव्हतं आणि आता चंद्रोदयाची वाट न पाहता ती दुपारीच जेवून घेते, ही खरी नोंद. शिवाय घरी हेच प्रश्न घोकून गेलेल्या माणसाची दवाखान्यातली चाचणीही बिघडते. इंटरनेटवरच्या चाचण्यांचंही तेच.

*तपासा:* वही एकट्याची नको. जोडीदार बऱ्याचदा झाकतो. बाबांना नाव आठवायच्या आत आई ते पुरवते, त्यांची गोळी हातावर ठेवते आणि आपल्याला वाटतं सगळं सुरळीत आहे. आई चार दिवस माहेरी किंवा लेकीकडे गेली की खरी परिस्थिती दिसते. परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं छान गप्पा मारणारे बाबा दिसतात, जवळ राहणाऱ्या बहिणीला रात्री दोन वाजताचे बाबा दिसतात. दोघंही खरं सांगत असतात. दोघांच्या नोंदी एकाच वहीत घ्या. आणि आई-बाबा दर तीन महिन्यांनी या मुलाकडून त्या मुलाकडे जात असतील तर नव्या घरात पहिल्या आठवड्यात संडासचा दिवा न सापडणं मोजू नका.

४. औषधांचा डबा, कान, डोळे, मन: हे आधी पाहा

वहीत बदल दिसला तरी त्याचं कारण मेंदूचा आजारच असेल असं नाही. काही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात आणि ती घरातच दिसतात.

सगळी औषधं एका ताटात काढा. बिनचिठ्ठीची आणि ‘शेजारणीला गुण आला’ म्हणून आणलेलीही. झोपेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), सर्दीच्या गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन, नसांच्या दुखण्यासाठीचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, या सगळ्यांनी म्हातारपणी डोकं जड आणि गोंधळलेलं होऊ शकतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा पित्ताची गोळी रोजची असेल तर बी-१२ कमी पडू शकतं, त्यात शुद्ध शाकाहार असेल तर अधिकच. मधुमेहाची गोळी घेऊन एकादशी करणाऱ्या आईची साखर दुपारी उतरत असेल तर तिचा गोंधळ तिथूनही येत असेल.

*इशारा:* यादी वाचून स्वतः एकही गोळी बंद करू नका. झोपेच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. ताट जसंच्या तसं डॉक्टरांसमोर न्या.

कान: जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? कानातला मळ काढून घ्या, ऐकू कमी येत असेल तर तपासणी करा. यंत्र कपाटात पडून असेल तर आधी ते वापरात आणा. डोळे: मोतीबिंदू आणि जुना नंबर, दोन्ही पाहा.

मन: जोडीदार गेल्यावर, घर बदलल्यावर, निवृत्तीनंतर आलेली उदासी हुबेहूब विसरण्यासारखी दिसते. ढोबळ फरक असा की उदास माणूस स्वतःच तक्रार करतं, ‘मला काही आठवत नाही, माझ्या डोक्याचं खोबरं झालंय’. स्मृतिभ्रंशात बहुतेकदा घरचे तक्रार करतात आणि माणूस म्हणतं मला काही झालेलं नाही. हा फरक नेहमी लागू पडत नाही आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निवाडा घरी करू नका. झोप किती, घोरताना श्वास अडकतो का, दारू किती, हेही लपवून न ठेवता वहीत लिहा.

५. आता ठरवा

वही उघडून शांतपणे बसा. शक्यतो भावंडं एकत्र बसा, आई-बाबांसमोर नको. पुढचे चार प्रश्न स्वतःला विचारा.

बदल निदान सहा महिन्यांचा आहे आणि वाढतोय का? एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतोय का, म्हणजे पैसे, औषधं, स्वयंपाक, रस्ता, बोलणं यांतल्या दोन तरी? जी कामं ते स्वतः करायचे त्यांतली काही आता दुसरं कुणी करतंय का? जीवाला किंवा पैशाला धोका होईल असं काही एकदा तरी घडलंय का, गॅस, रस्ता, फसवणूक?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर बाकीचे तीन पाहायचीही गरज नाही, तपासणी घ्या. पहिल्या तिघांपैकी दोन ‘हो’ असतील तरी घ्या. एकच असेल तर आधी चौथ्या टप्प्यातल्या गोष्टी दुरुस्त करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तीन आठवडे वही लिहा. एकही नसेल तर चाचणीच्या मागे लागू नका. ही मोजपट्टी माझी, घरगुती आहे. पण एक अपवाद पक्का धरा: आई किंवा बाबा स्वतः म्हणत असतील की ‘मला काहीतरी वेगळं वाटतंय’, तर वही कोरी असली तरी न्या. कित्येकदा त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

६. त्यांना कसं सांगायचं

‘बीपी दाखवायला चल’ म्हणून फसवून नेऊ नका. तिथे स्मरणशक्तीचे प्रश्न सुरू झाले की विश्वास तुटतो आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला तोच विश्वास लागणार आहे. मी हे चुकवलं होतं. बाबा दवाखान्यातून उठून बाहेर जाऊन बसले आणि पुढचे चार महिने कुठल्याही डॉक्टरकडे यायला तयार झाले नाहीत.

बोलायला सकाळची वेळ घ्या, चहा झाल्यावर, एकट्याने. सगळ्यांनी घेरून नको. ‘विसरता’ हा शब्द टाळून एखाद्या घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा. ‘बाबा, गेल्या महिन्यात दुधाचे पैसे दोनदा गेले. तुमच्या हातून असं कधी होत नाही. बी-१२, थायरॉईड कमी-जास्त झालं तरी असं होतं म्हणतात. एकदा बघून घेऊ या का? मीही तुमच्याबरोबर येते.’ यात एकही शब्द खोटा नाही. नाही म्हणाले तर वाद घालू नका. आठवड्याने पुन्हा विचारा, किंवा ज्यांचा शब्द ते मानतात त्या फॅमिली डॉक्टरांना किंवा धाकट्या आत्याला बोलू द्या.

७. कुणाकडे जायचं, काय न्यायचं

पहिली पायरी फॅमिली डॉक्टर. रक्ताच्या तपासण्या (हिमोग्राम, बी-१२, थायरॉईडसाठी टीएसएच, सोडियम, साखर, किडनी, लिव्हर, कॅल्शियम) तिथेच होतात. नंतर न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की घरात कुजबुज होते, ती मनावर घेऊ नका. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. कुठे जायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ यांवर विचारा.

एमआरआय आधी नको. मेंदूचं चित्र दुसरी कारणं शोधायला उपयोगी पडतं, पण माणूस रोजचं काम करू शकतो का हे त्यात दिसत नाही. चित्र साधारण आलं म्हणून स्मृतिभ्रंश नाही असं ठरत नाही. कधी काढायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पिशवीत काय हवं: वहीचा एका पानाचा सारांश, तारखांसह (अख्खी वही वाचायला कुणाला वेळ नसतो), औषधांचं ताट, जुने रिपोर्ट, चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याचा जादा सेल. शिक्षण किती आणि कोणत्या भाषेत, काम काय केलं, हे सारांशात वर लिहा. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात.

८. चाचणीच्या वेळी

सकाळची वेळ मागा. रात्रीची झोप झालेली असावी, पोटात काही असावं. उपवासाचा दिवस नको.

प्रचलित चाचण्यांतली मिनी-कॉग सर्वांत छोटी: तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचं, शब्द परत सांगायचे. एमएमएसई आणि मोका या ३० गुणांच्या. मोकात २६ आणि वर म्हणजे साधारण ठीक असं धरतात, कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. पण चौथी शिकलेल्या, शाळेनंतर हातात कधी पेन्सिल न धरलेल्या आईला चौकोनी ठोकळ्याचं चित्र काढायला लावून आलेला आकडा तिच्या स्मरणशक्तीचा नाही, तिच्या शाळेचा असतो. अशा वेळी साध्या शब्दांत विचारा, ‘डॉक्टर, कमी शिकलेल्यांसाठीची चाचणी आहे का?’ निरक्षर ग्रामीण लोकांसाठी एचएमएसई ही हिंदीतली चाचणी भारतातच हरियाणातल्या बल्लभगडला तयार झाली. घरच्यांना विचारायच्या प्रश्नावल्याही आहेत. एडी-८ मध्ये आठ प्रश्न असतात आणि गेल्या काही वर्षांत बदल झालाय का एवढंच विचारलेलं असतं. उलट निवृत्त प्राध्यापक ३० पैकी २८ मिळवूनही घसरलेले असू शकतात. तिथे तुमची वही आकड्याहून मोलाची. चाचणी मराठीतच घ्यायला सांगा. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजीला छापील मराठीही अडते, हे सांगायला लाजू नका.

*इशारा:* आत बसलात तर उत्तर पुरवू नका. ओठ हलवू नका, डोळ्यांनी खुणावू नका, ‘अगं, आत्ताच तर सांगितलं’ म्हणू नका. मुलांच्या हातून हे इतक्या सहज होतं की बाहेर थांबणंच बरं. घरची माहिती तुम्ही डॉक्टरांना वेगळी द्या, त्यांच्या तोंडावर चुकांचा पाढा वाचू नका.

९. निकाल आल्यावर

गुण कमी आले म्हणजे अल्झायमर नव्हे. पुढच्या तपासण्या होतील, उदासी किंवा कमतरता सापडली तर तिचा उपचार होईल आणि मग पुन्हा चाचणी. काही वेळा ‘सौम्य घट’ असं सांगतात: चाचणीत उणं आहे, पण रोजची कामं स्वतः होतात. त्यातले सगळेच पुढे बिघडत नाहीत. सहा महिने ते वर्षभराने पुन्हा दाखवायचं, मधल्या काळात बीपी-साखर आटोक्यात, कान-डोळे ठीक, रोज चालणं, माणसांत मिसळणं. बुद्धिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि सिरपवर पैसे घालवू नका.

निदान झालं तर त्या आठवड्यात कुणीही सह्यांचे कागद पुढे करू नका. मृत्युपत्र, बँकेतलं नामांकन, पुढे आपली काळजी कशी घेतली जावी याबद्दलची त्यांची इच्छा, हे लवकरच्या काळात त्यांच्या बरोबर बसून, त्यांना समजत असताना करायचं. भारतात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते साधारणपणे चालत नाही, म्हणून वकिलाला लवकर विचारा. पण आधी चार दिवस त्यांना ते ऐकू द्या, रडू द्या, गप्प बसू द्या.

निकाल चांगला आला तरी वही फेकू नका. पहिल्या पानावर चाचणीचं नाव, गुण, तारीख आणि त्या दिवशीची प्रकृती लिहून ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा शंका आली तर डॉक्टर सर्वांत आधी हेच पान मागतील.